राजवाड्याचं एक केळफूल आमच्याकडे आहे, ते घेऊन जा

प्रति,
राजवाड्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे ते अधिकारी, त्याच्या दुरुस्तीत हात असलेले वास्तुतज्ज्ञ, आणि जुन्या इंदुरातली ती सगळी घरं, जिथं माळ्यावर किंवा कोनाड्यात राजवाड्याचा एखादा तुकडा आजही पडून आहे.

विषय : १९८४ च्या आगीतलं लाकूड जमा करून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मल्हारगंजात राहते. वय चौसष्ट. एका शाळेत तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, आता घरीच असते. पत्र उघडं लिहितेय, कारण बंद पाकीट नेमकं कोणाच्या टेबलावर जायला हवं हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. ते कसं, ते पुढं येईलच.

आमच्या कपाटावर जुन्या पंचात गुंडाळलेलं एक सागवानी केळफूल आहे. वाड्यात राहिलेल्यांना केळफूल म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते : खांबाच्या वर तुळईला टेकू द्यायला जो कोरीव हस्त असतो, त्याच्या टोकाला उलटं लोंबणारं, केळीच्या कमळासारखं कोरलेलं फूल. आमचं वीतभर उंच आहे. एका अंगानं पाकळ्या स्वच्छ मोजता येतात, तेरा. सुताराची पटाशी कुठं थांबली आणि कुठून पुन्हा सुरू झाली तेही बोटाला कळतं. दुसऱ्या अंगाला नुसता कोळसा, त्यावर तळ्यातल्या सुकलेल्या गाळाला पडतात तशा चौकोनी भेगा. वरच्या टोकाला लाकडाचीच चौकोनी खुंटी आहे, वरच्या लाकडातल्या खाचेत बसणारी. खिळा कुठंच नाही.

हे बाबांनी आणलं. १९८४ च्या नोव्हेंबरात, कर्फ्यूत पहिली सूट मिळाली तेव्हा ते दूध आणि आजीची औषधं आणायला बाहेर पडले. परतले तेव्हा एका हातात दुधाची बरणी होती आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत हे. आईनं दारातच अडवलं. जळकं लाकूड घरात आणायचं नसतं, हे तुम्हाला कोणत्याही मराठी घरातली बाई सांगेल, आणि का आणायचं नसतं ते विचारलंत तर ती उत्तर देणार नाही. बाबा म्हणाले, "अगं, राजवाड्याचं आहे." आई म्हणाली, "कळलं. पण जळलेलं आहे." शेवटी तह झाला तो असा की ते अंगणातल्या कोनाड्यात राहील, उंबरठ्याच्या आत येणार नाही. आई होती तोवर तिथंच राहिलं. दसऱ्याला त्याला एक झेंडूचं फूल मात्र तीच वाहायची.

आता याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा. ढिगाऱ्यातून उचललं, कोणाला विचारलं नाही. विचारायला तिथं कोणी नव्हतंही. बाबा बँकेत रोखपाल होते, दहा पैशाचा फरक आला तर रात्री जेवायचे नाहीत. त्या माणसानं ही एकच वस्तू आयुष्यात न विचारता उचलली, आणि मरेपर्यंत तिचा हिशेब मनातून काढला नाही. "एक दिवस परत करायचंय," असं म्हणायचे. ते काम माझ्याकडे आलं.

मी ते करायलाही गेले. मागच्या वर्षी, पंचासकट पिशवीत घालून, शहरातल्या एका सरकारी कार्यालयात. कोणत्या, ते लिहीत नाही. माणसं भली होती. खिडकीतल्या तरुणानं पंचा सोडला, थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ये है क्या?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बिल है इसका?" मी म्हटलं, भिया, राजवाड्याचं बिल होळकरांकडे मागावं लागेल. तेवढ्यावर तो हसला आणि आतून एका वयस्कर साहेबांना घेऊन आला. ते निघाले आपले मराठी. "काकू, बसा," म्हणाले, चहा मागवला. मग रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. "हे बघा. आवक. यात पत्र चढवता येतं, फर्निचर चढवता येतं, जप्त केलेला माल चढवता येतो. हे कशात चढवू? जप्तीत घातलं तर पंचनामा आला. पंचनाम्यात पहिला प्रश्न तुम्हालाच, की इतकी वर्षं कुठं होतं. मी खरं सांगू का? घरी ठेवा. तिथंच सुरक्षित आहे."

चहा पिऊन मी केळफूल घेऊन परत आले. रिक्षात ते मांडीवर होतं आणि मला हसूही येत होतं. पण त्या साहेबांचं बोलणं डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं. घरीच सुरक्षित आहे. पण मी चौसष्टची. माझ्यामागं हे कपाट कोण आवरील, आणि पंचात गुंडाळलेल्या जळक्या लाकडाचं काय करील, हे मला नीट माहीत आहे. तुमच्या घरी असं काही असेल तर तुम्हालाही माहीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंदूरच्या राजवाड्याला त्याच्या आगीची एक वही हवी, आणि त्या वहीसाठी एक खोली.

मुळापासून सांगते. राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या वेळी सुरू झालेलं हे काम. पण आज जे उभं आहे ते त्या एका काळातलं नाही, हे इंदुरातसुद्धा फार थोड्यांना माहीत असतं. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं. त्याचा सूड म्हणून दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले, शहर लुटलं आणि जाळलं. वाडा त्यात गेला. पुढं १८१८ मध्ये मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली, आणि मल्हारराव लहान असताना तात्या जोगांच्या कारभारात वाडा पुन्हा उभा राहू लागला. (हे त्या वंशातले नंतरचे मल्हारराव. वाडा सुरू केलेल्या सुभेदारांशी त्यांची गल्लत करू नका, मुलं परीक्षेत हमखास करतात.) १८३४ मध्ये वरचा एक मजला पुन्हा जळाला. आणि मग १९८४.

म्हणजे हा वाडा जळत आणि उठत आलेला आहे. पण बघायला जा, तर तो असा उभा आहे जणू पहिल्या दिवसापासून असाच होता. गेल्या काही वर्षांत पाहुण्यांना घेऊन मी तीनचार वेळा आत गेले. प्रत्येक वेळी सोबतच्या माणसानं, तो कोणीही असो, एक वाक्य सांगितलं : "चौरासी में आग लग गई थी." आणि पुढं चालू लागला.

मराठीत दोन क्रियापदं आहेत, हिंदीतही आहेत. आग लागते आणि आग लावतात. १८०१ ची गोष्ट सांगताना आपण बरोबर दुसरं क्रियापद वापरतो. घाटग्यांनी जाळलं, असं नाव घेऊन सांगतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव घ्यायला कोणाचं काय जातं? १९८४ शी आलो की क्रियापद बदलतं. वाडा जणू आपला आपण पेटला.

आपला आपण पेटला नव्हता. ३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. दिल्लीत इंदिराजींची हत्या झाली, आणि पुढच्या दिवसांत देशातल्या अनेक शहरांत शिखांची दुकानं, घरं पेटवली गेली, माणसं मारली गेली. इंदूर त्यात होतं. राजवाडा त्याच दंगलीच्या आगीत गेला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमच्या गच्चीवरून त्या बाजूचा धूर दिसत होता. दिवसा तो राखाडी होता, आणि रात्री त्याच्या पोटात खालून तांबूस उजेड. आजी जपमाळ घेऊन गच्चीच्या दाराशी बसली होती. ती म्हणाली, "आतले मल्हारी मार्तंड काय करत असतील?" लहानपणी मी तिच्याबरोबर त्या देवाच्या दर्शनाला जायची, म्हणून तिला मलाच हे विचारावंसं वाटलं असणार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका सरदारजींचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बाबांनी जी पिशवी भरून आणली, त्या पिशवीला त्या दुकानाचं नाव होतं. दुकान पुन्हा उघडलं ते दुसऱ्याच कोणी. ते कुटुंब कुठं गेलं, हे आम्ही कोणी विचारलं नाही. आमच्याकडे त्या दिवसांची आठवण म्हणून एक लाकूड आहे, आणि तेही त्या माणसाच्या पिशवीतून आलेलं. लाकडासाठी एवढं लांब पत्र लिहिताना मला हे इथं लिहून टाकणं भाग आहे, नाहीतर पत्र खोटं होईल.

त्यानंतर महिनाभरात, २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, भोपाळ झालं. मग या प्रदेशात कोणाला कशाचं भान राहणार होतं? एका जळलेल्या वाड्याचा ढिगारा कोण चाळत बसणार, असं मीही तेव्हा म्हटलं असतं. दोष देत नाही. पण ढिगारा हलला तो तेव्हाच हलला. जळक्या तुळया, हस्त, कडीपाटाच्या फळ्या, दरवाजांची बिजागरं, महिरपींचे तुकडे. त्यातलं काय कुठं गेलं? काही फेकलं गेलं असणार, काही जळणात गेलं असणार, आणि काही आमच्यासारख्यांच्या कोनाड्यात.

आता थोडं लाकडाबद्दल, कारण आगीनंतरच्या लाकडाला लोक उगाच मेलेलं समजतात. जाडजूड सागवान काडीसारखं भसकन जळत नाही. ते वरून कोळसा होत जातं, मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला आगीपासून आडोसा करतो. म्हणून मोठ्या आगीतही जाड तुळया पुष्कळदा आपल्या जागी उभ्या राहतात आणि पातळ फळ्या, जाळ्या, कोरीव काम आधी जातं. मी एकदा स्वेटर विणायच्या सुईनं आमच्या केळफुलाचा कोळसा किती खोल आहे ते मोजलं. दोन-सव्वादोन सेंटिमीटर. म्हणजे हे फूल पाऊण तास तरी आगीत लोंबत होतं आणि मग पडलं, किंवा त्याच्यावर पाणी पडलं. कोळशाखालचं लाकूड किंचित खरवडलं तर अजून सागवानाचा वास येतो. चाळीस वर्षांनी! एवढं एका वीतभर तुकड्यावरून एका चित्रकलेच्या बाईला कळतं. जाणकारांनी शंभर तुकडे मांडून बघितले तर आग कुठून शिरली, कोणत्या मजल्यावर किती वेळ राहिली, हे सांगता येईल की नाही? पाणी कुठं मारलं गेलं तेही दगड सांगतो. तापलेल्या दगडावर एकदम गार पाणी पडलं की त्याचे पापुद्रे सुटतात.

पण तुकडा कुठल्या मजल्याचा, कुठल्या खांबाचा, हे ज्यानं उचलला त्यालाच माहीत. बाबांनी ते मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एक ओळ लिहून ठेवली असती तरी चाललं असतं. आज त्या केळफुलाची खुंटी आहे, पण तिची खाच कुठं होती ते गेलं.

यात माझाही वाटा आहे. इंदुरात चित्रकला शिकलेल्या प्रत्येकानं राजवाड्यासमोर बसून राजवाडा काढलेला असतो. देवळालीकर मास्तरांनी या शहराला ती सवय लावली, बेंद्रे आणि हुसेन ज्या गावात घडले तिथं ती मोडणार कशी? मीही काढला. माझ्या वह्यांत दर्शनी भागाची अडतीस रेखाटनं आहेत; सकाळची, पावसातली, रंगपंचमीच्या गेर नावाच्या मिरवणुकीनंतर रंगानं माखलेली. आतल्या चौकाचं किती? एक. तेही अर्धं, कारण आजीला घरी जायची घाई होती. १९८४ मध्ये दर्शनी भाग बराचसा वाचला. जे आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा काढलं होतं तेच वाचलं, आणि जे कोणी काढलं नव्हतं ते गेलं.

मागची बाजू कितीतरी वर्षं मोकळीच होती. तिथं बाग झाली, कारंजी आली, अकराव्या शतकातल्या काही मूर्ती मांडल्या. पाहुणे तिथं फोटो काढायचे. २००६-०७ मध्ये उषाराजे होळकरांनी पुढाकार घेऊन मागचा भाग जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधून घेतला, आणि मल्हारी मार्तंड पुन्हा आपल्या घरी आले. त्या कामाबद्दल मी कोणाचं वेडंवाकडं ऐकून घेणार नाही. जळालेलं जळालेलंच राहू द्या, असं म्हणणारे विद्वान इंदुरातही भेटतात. त्यांना मी विचारते, तुमचं घर जळालं असतं तर बाग लावली असतीत का? त्यानंतरही वाड्याची पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. २० मे २०२५ ला अहिल्यादेवींच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्तानं राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली, तेव्हा सजवलेल्या दालनाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मीही पाहिले. इतर लोक मंत्री मोजत होते, मी हस्त मोजत होते.

पण त्या फोटोंत काय, प्रत्यक्ष आत उभं राहूनही, जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे सांगता येत नाही. माझ्या भाचीची मुलगी नऊ वर्षांची आहे, पुण्याहून आली होती. तिनं एका खांबावर हात ठेवून विचारलं, "आजी, हा खरा आहे की नंतरचा?" आजूबाजूला कुठंच उत्तर लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, बघूया, आणि आम्ही दोघी त्या खांबाला वास घेत राहिलो. पहारेकऱ्याला वाटलं असणार, बायका वेड्या आहेत.

दुरुस्तीचं एक जुनं, जगभर मानलेलं सूत्र आहे, १९६४ च्या व्हेनिस सनदेत लिहिलेलं. नवं घातलेलं लाकूड किंवा दगड एकंदर इमारतीशी सुसंगत दिसावा, पण जवळ जाऊन पाहिलं तर तो नवा आहे हे ओळखू यावं. याला पैसे लागत नाहीत. नव्या लाकडाच्या मागच्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी, वर्षाचा एक छोटा शिक्का. भिंतीवर वाड्याचा एक नकाशा, त्यात तीन रंग : १९८४ च्या आधीचं, २००७ चं, त्यानंतरचं. दुरुस्ती करणाऱ्यांकडे हे सगळं नकाशांत असणारच, कामच त्याशिवाय होत नाही. ते फक्त फायलीतून भिंतीवर यायला हवं.

पुण्याचं उदाहरण देते, कारण आम्ही इंदूरचे मराठी लोक पुण्याला नाक मुरडल्याशिवाय पत्र संपवत नाही. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, कित्येक दिवस धुमसत होता. उरलं काय? तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. आत काय कसं होतं ते अभ्यासक आजही हिशेबाच्या कागदांवरून आणि जुन्या वर्णनांवरून जुळवत बसतात. कारंज्याची जागा सापडते, पण दिवाणखान्याची छत कशी दिसायची हे कोण सांगणार? १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा जळाला, विश्रामबाग वाड्याचाही भाग गेला. विश्रामबाग पुन्हा उभा राहिला. बुधवार वाड्याचं आज पेठेपुरतं नाव उरलंय. फार मोठ्या वाड्यांचं असं होतं. आपण राजवाडा पुन्हा उभा केला, म्हणजे पुण्याच्या एक पाऊल पुढं आहोत. तर मग हे दुसरं पाऊलही टाकू या.

वहीबद्दल मला काय म्हणायचं आहे, ते त्या आवक रजिस्टरवाल्या साहेबांना कळावं म्हणून सोपं करून सांगते. साधी जाड वही चालेल. आणणाऱ्याला बिल विचारायचं नाही, पंचनामा करायचा नाही. वस्तू काय, मापं काय, कोणी कधी कुठून उचलली, आणि त्या दिवशी त्यानं काय पाहिलं, एवढं त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. मराठीत सांगितलं तर मराठीत, इंदुरी हिंदीत सांगितलं तर तशाच इंदुरी हिंदीत. "अपन ने देखा" चं "हमने अवलोकन किया" करू नका. पहिल्या सहा महिन्यांत कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असं आधी वर्तमानपत्रात छापा. नाहीतर लोक येणार नाहीत. सराफ्यातल्या माणसाला एवढं मानसशास्त्र येतं, सरकारला का येऊ नये? आणि खरोखर घाई आहे ती सांगणाऱ्यांची. त्या रात्री पाणी मारलेले जवान, आसपासचे दुकानदार, ज्यांची दुकानं गेली ते शीख कुटुंबीय. तेव्हा तिशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या पुढं आहे. लाकूड आणखी शंभर वर्षं टिकेल.

खोली कोणतीही चालेल, मागच्या बाजूची, अंधारी असली तरी. तिथं एका भिंतीवर तारखा, १८०१, १८३४, १९८४, आणि प्रत्येकीपुढं खरं क्रियापद.

आता शेवटच्या पत्त्यावरच्या मंडळींना, म्हणजे जुन्या इंदुरातल्या घरांना. जुनी इंदूर, इमली बाजार, रामबाग, खजुरी बाजार, तुम्ही सगळे. तुकडा नसेल तर आल्बम बघा. मुंजीचा, लग्नाचा, शाळेच्या सहलीचा फोटो. मागं कुठं राजवाड्याचा आतला जिना दिसतोय का? गॅलरी, छत, दाराची चौकट? काका टोपी घालून मध्ये उभे असतील आणि आपण आयुष्यभर काकांकडेच बघितलं असेल. आता काकांच्या खांद्यावरून मागं बघा. माझ्या एका मैत्रिणीला अशाच एका फोटोत, तिच्या आत्याच्या अंबाड्यामागं, कोरीव हस्ताची पूर्ण रांग सापडली. त्यातलं प्रत्येक केळफूल आमच्यासारखंच दिसतं, त्यामुळं मला काही फायदा झाला नाही. पण ती रांग पाहून मी दहा मिनिटं काही बोलले नाही.

आणि एक गोष्ट, जी खरं तर आधी लिहायला हवी होती. वाडा अजूनही लाकडाचाच आहे. शेजारच्या सराफ्यात दिवसा सोनं आणि रात्री खाणं; गल्ली तीच, अरुंद, आणि रात्री तिथं चुली पेटतात. भारत मॅच जिंकला की सगळं शहर राजवाड्यावर लोटतं आणि फटाके वाड्याच्या तोंडावर उडतात. मीही तरुणपणी त्या गर्दीत नाचलेय, त्यामुळं बंद करा म्हणायला जीभ उचलत नाही. पण रॉकेट वाड्यापासून दूर उडवा, एवढं तरी म्हणता येईल. वाड्याभोवतीच्या वायरींची दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासणी होऊ द्या, आणि अग्निशमनची गाडी गर्दीच्या रात्री कोणत्या तोंडानं आत येईल याचा सराव वर्षातून एकदा प्रत्यक्ष गाडी आणून करा, कागदावर नको. आणि आज वाडा आतून जसा आहे तशी त्याची खांब-खांब मापं आणि फोटो घेऊन ठेवा, एक प्रत इंदुरात आणि एक इंदुराबाहेर. आमच्यासारखी अडतीस रेखाटनं फक्त तोंडाची नकोत.

केळफुलाचं सांगून संपवते. वही सुरू झाली की पहिली नोंद आमची करा. बाबांचं नाव मी तिथं येऊन सांगेन, आणि पिशवीवर कोणत्या दुकानाचं नाव होतं तेही. मी सकाळी दहापर्यंत घरी असते, दुपारी झोपते. कोणाला पाठवाल त्याच्याबरोबर जाड सुती कापड द्या. पोत्यात घालू नका, धागे अडकतात आणि कोळसा झडतो. आणि उचलताना पाकळ्यांच्या बाजूनं धरायला सांगा. दुसऱ्या बाजूनं धरलं तर हात काळे होतात, अजूनही.

आपली,
मल्हारगंजातली एक रहिवासी
इंदूर